एका गोधडीतला खोकला

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. शुद्धलेखनात मी तेव्हाही कच्ची होते, आणि अक्षराचं म्हणाल तर कोंबडी चालून गेल्यासारखं येतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, ओळी खाली उतरल्या असतील, तर सांभाळून घ्यावं. कोण सांभाळून घेणार तेही मला माहीत नाही, कारण हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही.

लिहायचं कारण एक मुलगी. सरकारी दवाखान्यात छातीच्या डॉक्टरच्या दाराबाहेर एक लांब बाक आहे. माझ्या शेवटच्या तपासणीच्या दिवशी त्या बाकावर माझ्या शेजारी एक नवी नवरी बसली होती. हातात हिरवा चुडा, पदर नाकावर घट्ट धरलेला, आणि थुंकीची डबी रुमालात गुंडाळून मांडीखाली लपवलेली. तिची सासू पार पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी होती. मला तिच्याशी फार बोलावंसं वाटलं. पण अनोळखी माणसासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. बसमध्ये कंडक्टरनं सुटे मागितले तरी माझे कान गरम होतात. तिचा नंबर आला, ती आत गेली, माझं बोलायचं राहून गेलं. तिला जे सांगायचं होतं ते इथं लिहिते.

फवारणीचा खोकला

आमचं घर मखमलाबादच्या बाजूला, मळ्यात. शेवंती, झेंडू आणि थोडा गुलाब. वैशूचे वडील शेत बघतात. मी फुलं तोडते आणि सकाळी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नदीकाठच्या, फुलबाजारात गोणपाटावर बसून हार ओवते.

वैशू म्हणजे वैष्णवी, आमची एकुलती एक. ती फुटबॉल खेळते आणि त्याचा पगार घेते, परदेशात. सगळ्यात पुढं राहून गोल मारायचं काम तिचं. त्याला स्ट्रायकर म्हणतात. त्या देशाचं नाव मला म्हणता येतं, लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही. लोक विचारतात, ही कुठं शिकली? शाळेतल्या सरांनी शिकवलं हे खरं, पण त्याआधी ती शेवंतीच्या सरीत शिकली. सरी अरुंद. दोन्हीकडं फुलं. चेंडू घेऊन ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळायची, आणि एक फूल जरी मोडलं तरी वडिलांचा आवाज यायचा, "मोडलं का गं? ये इकडं!" त्या भीतीनं तिचा पाय हलका झाला.

तिला पहिल्यांदा जायचं होतं तेव्हा तिकीट, व्हिसा, थंडीचे कपडे, बूट, सगळं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. बाजारात आम्हा हार करणाऱ्या बायकांची भिशी आहे. ती मंदाताई सांभाळतात. ज्या बाईचा नंबर लागेल तिनं पैसे उचलायचे असा नियम. पण त्या वर्षी सगळ्यांनी आपापला नंबर मागं सरकवला आणि पैसे मला दिले. मंदाताई नोटा मोजताना अंगठा जिभेला लावतात. पावसात नोटा भिजलेल्या असल्या तरी लावतात. सगळा बाजार त्यावरून त्यांना हसतो. त्या दिवशी तसाच अंगठा लावून त्यांनी नोटा मोजल्या आणि म्हणाल्या, "अलके, पोरीला म्हणावं, आमच्या नावाचा पण एक मार." ते पैसे आम्ही वैशूच्या पगारातून हप्त्यानं फेडत होतो.

तिकडं हिवाळ्यात मैदानावर बर्फ पडतं, खेळ बंद असतो. तेव्हा ती घरी आली. आमच्याकडंही थंडी कडक होती. आम्ही दोघी एका गोधडीत झोपायचो. ती गोधडी माझ्या आईच्या लुगड्यांची. वैशू माझ्या गळ्यात तोंड खुपसून अंधारात बोलायची. एका मोठ्या टीमनं तिला घेतलं होतं, आता पहिल्यापेक्षा बरा पगार मिळणार होता. तिचा श्वास माझ्या मानेवर, माझा तिच्या केसांत.

तेव्हा मला खोकला होता. पण आमच्या मळ्यांत खोकल्याला कोणी खोकला समजत नाही. शेवंतीवर फवारणी सुरू असली की सगळेच खोकतात. औषधाचा वास कपड्याला, केसाला, भाकरीलासुद्धा लागतो. वैशू म्हणायची, "आई, एकदा दाखवून ये ना."

"फवारणीचा आहे गं. सगळ्यांनाच होतो," मी म्हणायचे, आणि अडुळशाचा काढा घेऊन परत तिच्या शेजारी येऊन झोपायचे.

संध्याकाळ

ती गेली आणि मला संध्याकाळचा ताप यायला लागला.

खरं सांगते, तो ताप मला वाईट वाटत नव्हता. दिवे लागायच्या वेळेला कोणीतरी पाठीमागून ऊन ऊन शाल टाकल्यासारखं व्हायचं. आवाज लांब जायचे. विहिरीवरची मोटर चालू असायची तरी ती दुसऱ्या गावात चालू आहे असं वाटायचं. वैशूचा जुना खेळ मोबाईलवर लावून मी भिंतीला टेकून बसायचे. थोड्या वेळानं त्या मैदानाचं हिरवं मोबाईलमधून बाहेर यायचं आणि भिंतीवर पसरायचं. मग त्यात सऱ्या पडायच्या. सऱ्यांमधून वैशू पळत यायची, पांढऱ्या कपड्यात, आणि तिच्या पायानं एकही फूल मोडायचं नाही. बघणारे हजारो लोक असायचे पण कोणी ओरडायचं नाही. सगळे हळूहळू शेवंतीच होऊन जायचे.

मला वाटायचं, पोरीची आठवण येते म्हणून असं होतं. आजार आहे असं मनातही आलं नाही. ब्लाउज सैल झाले ते मी टाके घालून आवळले. मंदाताई एकदा म्हणाल्या, "अगं, बांगड्या कोपरापर्यंत चालल्या तुझ्या. नवरा जेवायला देतो का नाय?" सगळ्या हसल्या, मीही हसले.

मग एका सकाळी पांढऱ्या शेवंतीचा हार ओवताना खोकल्याची उबळ आली. बघते तर एका फुलावर लाल ठिपका. आमचं काम सुईचं, त्यात गुलाबाचे काटे, बोटातून रक्त येणं रोजचंच. मी ते फूल काढून टाकलं आणि बोट कुठं टोचलं ते शोधायला लागले. सगळी बोटं बघितली. उलटी करून बघितली. एकही टोचलं नव्हतं.

कळलं तो दिवस

छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा वैशूचे वडील बरोबर आले. डॉक्टर मॅडम वयानं लहान होत्या. म्हणाल्या, "मावशी, टीबी आहे. घाबरायचं नाही. गोळ्या इथं फुकट मिळतात. सहा महिने न चुकता घेतल्या की बऱ्या व्हाल."

मी "बरं" म्हटलं. भाजीवाल्यानं भाव सांगितल्यावर म्हणतात तसं.

"घरात कोण कोण?"

"आम्ही दोघंच," हे म्हणाले.

"गेल्या काही महिन्यांत आणखी कोणी जवळ राहिलं होतं? एका खोलीत झोपलं होतं? त्यांचीही तपासणी करावी लागेल."

हे खिडकीकडं बघत म्हणाले, "नाय कोणी."

मी माझ्या चपलांकडं बघत बसले. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, थोडा वेळ वाट पाहिली.

येताना ह्यांनी रसवंतीपाशी गाडी थांबवली. दोन ग्लास रस सांगितला. म्हणाले, "वैशूला एक शब्द सांगायचा नाय. आता कुठं मोठ्या टीममध्ये घेतलंय. टीबीचं नाव निघालं तर ते लोक तिला पुढच्या विमानात बसवून देतील. पोरीचं सगळं जाईल, अलका. आणि आपण बाजारातल्या बायकांना काय तोंड दाखवायचं?"

हा माणूस वाईट नाही. ज्या सरीत फूल मोडलं म्हणून ओरडायचा, तीच सरी त्यानं पुढच्या वर्षी पोरीसाठी वीतभर जास्त रुंद ठेवली होती. मी रस प्यायले. तो मला कडू लागला, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

गोळ्या

आता त्या बाकावरच्या मुलीसाठी लिहिते. आम्हाला कोणी आधी सांगितलं नाही म्हणून मी घाबरले, तू घाबरू नकोस. पहिल्या गोळ्या घेतल्या त्या दिवशी मी मोरीत गेले आणि ओरडलेच. लघवी झेंडूचं पाणी असावं तशी केशरी. हे बाहेरून म्हणाले, "काय झालं?" मी काय सांगणार? गोळ्या नीट घेते का ते बघायला आमच्या वस्तीवरच्या आशाताई आल्या तेव्हा त्यांच्या कानात सांगितलं, तर त्या हसत सुटल्या. "मावशी, सांगायचं राहिलं बघा. गोळीचा रंग आहे तो. घामाला पण येतो, डोळ्यातल्या पाण्याला पण येतो."

"म्हणजे रडायची पण सोय नाही," मी म्हटलं. "पदराला डाग पडतील."

मळमळतं. तोंडाला चव नसते. तरी खायचं. तोंडाला मास्क लावायचा, खोलीची खिडकी उघडी ठेवायची, ऊन आत येऊ द्यायचं. थोडं बरं वाटायला लागलं की गोळ्या नकोशा होतात, तेव्हाच जास्त सांभाळायचं. मी खिडकीपाशी वेगळी झोपायचे. ती गोधडी हे गरम पाण्यातून काढून कुंपणावर वाळत घालायचे. वाऱ्यानं ती हलली की तिच्यात कोणीतरी कूस बदलतंय असं वाटायचं.

आणि सारखं मनात यायचं की त्या गोधडीत मी एकटी नव्हते.

फोन

वैशूचा फोन यायचा तेव्हा हे माझा मास्क काढायला लावायचे, दिव्याच्या उजेडात बसवायचे आणि स्वतः जास्त बोलायचे. त्या दिवशी आमच्याकडं दिवे लागले होते, तिकडं अजून दुपार होती. ती खाटेवर पालथी पडून बोलत होती.

"पप्पा, उद्या पहिल्यापासून खेळतेय मी! अकरा जणींत नाव आलंय!"

"शाब्बास माझी वाघीण!" हे खाटेवरून उठलेच.

ती हसली आणि हसता हसता खोकली. एकदाच.

"काय गं ते?" मी विचारलं.

"काही नाही आई. इथं हीटर असतो ना, त्याची हवा कोरडी. त्याचा खोकला आहे. सगळ्यांनाच होतो."

सगळ्यांनाच होतो. माझंच वाक्य, माझ्याच आवाजात, समुद्राच्या पलीकडून परत आलं. मी ह्यांच्या हातातून फोन घेतला. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या हातातून कधी काही घेतलं नव्हतं.

"वैशू, मला टीबी झालाय. मार्च महिन्यात कळलं. गोळ्या चालू आहेत, मी बरी होणार आहे. पण तू माझ्याजवळ झोपत होतीस. तुमच्या टीमच्या डॉक्टरला सांग आणि तपासून घे."

"अगं ए! अक्कल आहे का तुला?" हे ओरडले.

वैशू उठून बसली. तिचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला. "आई, उद्याची मॅच झाली की सांगते. एकच मॅच. प्लीज."

"तुझ्या खोलीत कोण झोपतं?"

"आना."

"तिला आई आहे का?"

वैशू मग हळूच म्हणाली, "आहे."

"मग आजच सांग."

"मला बाहेर बसवतील गं."

"बसवू देत."

"आणि परत पाठवलं तर?"

"तर घरी ये. शेवंती लावायची आहेच."

फोन बंद झाला. तिनं बंद केला का नेट गेलं ते मला आजही माहीत नाही. हे चपला घालून शेतात निघून गेले. मला दम लागला होता, एवढं मी एका वेळी कधी बोलले नव्हते.

वाट

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मॅच लावली. वैशू दिसली नाही. तिच्या जागी पिवळ्या केसांची एक उंच मुलगी पळत होती. तिनं गोल मारला. ह्यांनी मोबाईल उलटा ठेवला आणि ओट्यावर जाऊन झोपले.

पुढं कितीतरी दिवस वैशूचा फोन नाही, आणि ह्यांचं माझ्याशी बोलणं नाही. पण सकाळी उठले की खिडकीत वाटी असायची. त्यात दोन उकडलेली अंडी, सोललेली, वर मीठ भुरभुरलेलं. बोलणं बंद, अंडी चालू. मी खायचे. एकदा मीठ जास्त झालं होतं, तेव्हा समजले की आज राग जास्त आहे.

ताप तोपर्यंत गेला होता, आणि तापाबरोबर ते भिंतीवरचं हिरवंही गेलं होतं. मी डोळे मिटून सऱ्या आठवायचा प्रयत्न करायचे. सऱ्या यायच्या. पण मोकळ्या.

मग एका संध्याकाळी फोन वाजला. वैशूचा आवाज बसका होता. "आई, फोटो साफ आहे. खोकला हीटरचाच होता. पण रक्ताच्या तपासणीत आलंय की ते माझ्या अंगात शिरलंय. झोपलेलं आहे. डॉक्टर म्हणाले, झोपेतच मारून टाकू. काही महिने गोळ्या. माझ्यापासून कोणाला धोका नाही, मी खेळू शकते."

"पाठवत नाहीत ना परत?" ह्यांनी मागून विचारलं. बऱ्याच दिवसांनी मी त्यांचा आवाज घरात ऐकला.

"नाही पप्पा. पण सगळ्या टीमला तपासायला लागलं. काही जणी माझ्याशी बोलत नाहीत. आणि माझ्या जागेवर जी खेळली तिनं तीन मॅचमध्ये गोल मारलेत. आता ती जागा तिची आहे. मी बाकावर."

"आना?" मी विचारलं.

"ती ठीक आहे. तिला काहीच झालेलं नाही. दुसऱ्या खोलीत गेली होती, काल परत आली. तिच्या आईनं गावाहून मुरंब्याची बरणी पाठवलीय. तुझ्यासाठी म्हणे. आता मी ती कशी पाठवू?"

मी म्हटलं, "ठेव. येताना आण."

हे दुसऱ्या दिवशी आपण होऊन दवाखान्यात गेले आणि मॅडमना सगळं खरं सांगून आले. त्यांचीही तपासणी झाली. त्यांनाही थोड्या दिवसांच्या गोळ्या मिळाल्या.

दोन बाक

पुढं मॅडमनी थुंकी परत तपासली आणि सांगितलं, आता तुमच्यापासून कोणाला काही होणार नाही, कामाला जा. मी डोक्याला तेल लावून, सुई-दोरा घेऊन बाजारात गेले. हप्त्याचे पैसे बरोबर होते. वैशू बाकावर असली की तिला कमी मिळायचं, त्यामुळे हप्ता लहान होता.

बाजारात सगळ्यांना कळलेलं होतं. माझ्या जागेवर फुलांचा क्रेट ठेवला होता. मी पैसे पुढं केले. मंदाताईंनी हात पुढं केला नाही.

"तिथं पाटावर ठेव."

मी ठेवले. त्यांनी फुलांची प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळली आणि त्या हातानं नोटा मोजल्या. पिशवीतून मोजता येईना, नोटा सटकायच्या. परत मोजल्या. अंगठा जिभेकडं गेला नाही.

"डॉक्टरांनी सांगितलंय ताई, आता काही धोका नाही," मी म्हटलं. माझे कान जळत होते.

"डॉक्टर काय, सांगतील. आपले हार देवाला जातात, अलका. गिऱ्हाईक काय म्हणेल?" मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझा भाऊ यानंच गेला. मी त्याचं ताट घासत होते. मला नको सांगू."

मी घरी आले. त्यांचा राग आला नाही असं लिहिणार होते, पण आला. मोरीत पाणी सोडून खूप रडले. पदराला खरंच पिवळे डाग पडले.

तेव्हापासून हार बंद. मी घरी फुलं तोडायचे, हे विकायला न्यायचे, हप्ताही तेच द्यायचे. सांजच्या वेळी मी ओट्यावर बसायचे आणि वैशू तिकडं मैदानाच्या कडेला बाकावर बसलेली असायची. मोबाईलवर कधी कधी तो बाक दिसायचा. खांद्यावर जाड कोट, पाय हलवत बसलेली. मला वाटायचं, तो बाक आणि आमचा ओटा मिळून एकच लांब बाक आहे. फक्त मध्ये थोडं पाणी आहे.

एके दिवशी तिचा फोन आला. काही न बोलता नुसती हसत होती. "आई! माझं पण झेंडू झालं गं! मी किंचाळलेच. आना धावत आली, तिला काय सांगू?"

मी एवढी हसले की ह्यांनी शेतातून विचारलं, काय झालं. त्यांनाही सांगता येईना.

मग आमचं ठरलं. माझ्या गोळ्या आणि तिच्या गोळ्या एका वेळी. तिची वेळ तिकडं सकाळची, माझी इकडं जरा उन्हं वर आल्यावरची. फोन समोर ठेवायचा, एकमेकींना गोळी दाखवायची आणि गिळायची. बोलणं फार नसायचं. तिच्या खिडकीत उंच काळी झाडं, माझ्या खिडकीत शेवंतीची कोवळी रोपं. ती पेला वर उचलायची, मी तांब्या. कित्येकदा मला वाटलं की आम्ही अजून त्याच गोधडीत आहोत, फक्त कोणीतरी ती फार लांबवर ओढून पसरली आहे.

गोल

गणपती होऊन गेले तेव्हा माझ्या गोळ्या संपल्या. शेवटच्या तपासणीत मॅडमनी "झालं मावशी" म्हणून कागदावर शिक्का मारला. त्याच दिवशी बाकावर ती नवी नवरी भेटली होती.

त्याच्या आधीच वैशूच्या गोळ्या संपल्या होत्या. तिकडचा खेळाचा हंगाम आता शेवटाला आला होता. एका संध्याकाळी मॅच संपत आली तेव्हा पिवळ्या केसांची मुलगी लंगडत बाहेर आली आणि वैशूनं कोट काढला. हे उभे राहिले. मी बसूनच होते.

चेंडू तिच्याकडं आला. समोर दोघी. ती त्या दोघींच्या मधून निघाली, जसं सरीतून निघायची, अंग चोरून, पाय हलका. मग तिनं पाय मागं उचलला आणि चित्र थांबलं. नेट गेलं. मोबाईलवर नुसतं गोल गोल फिरत राहिलं.

"अरे! अरे मार ना!" हे मोबाईलला ओरडत होते.

मी त्या थांबलेल्या चित्राकडं बघत होते. तिचा पाय हवेत, केस हवेत, मागं सगळं हिरवं. किती वेळ तसंच होतं. मला वाटलं, नाही मारला तरी चालेल. ती उभी आहे, धावते आहे, मी बघते आहे.

नंतर तिनं तो तुकडा पाठवला. गोल झाला होता. पण पुढचं महत्त्वाचं. बाकीच्या मुली तिच्या अंगावर धावून आल्या, आना सगळ्यात आधी. आणि वैशूनं एक हात डोळ्यांसमोर धरला, दुसऱ्या हाताची चिमूट केली आणि ओढली. परत धरली, परत ओढली. तिकडच्या लोकांना काय कळलं असेल कोण जाणे.

हे तो तुकडा बाजारात घेऊन गेले. नंतर त्यांनी मला सांगितलं. मंदाताईंनी मोबाईल हातात घेतला, लांब धरून बघितला, आणि एकदम म्हणाल्या, "अगं बाई, ही तर हार ओवतेय!" सगळ्या बायका गोळा झाल्या. मंदाताईंनी तो तुकडा परत परत लावायला सांगितला. मग मोबाईल परत देताना म्हणाल्या, "अलका बरी आहे का?"

पैसे

हिवाळ्यात वैशू आली. पिशवीत मुरंब्याची बरणी होती, कोणत्या तरी लाल फळाची. मुरंबा आंबट होता. ह्यांना आवडला नाही, मी सगळा खाल्ला. तिचा पांढरा टी-शर्ट मी धुवायला घेतला तर कॉलरच्या आत पिवळट डाग होता. घामाचा. तिनं सांगितलं, तिकडं कशानंच निघाला नाही. मीही जास्त घासला नाही.

थंडी होती. पहिल्या रात्री मी माझं अंथरूण वेगळं टाकलं. ती गोधडी घेऊन आली आणि आत शिरली. "आई, आता दोघींचं पण मेलंय ते," म्हणाली, आणि गळ्यात तोंड खुपसलं.

सकाळी आम्ही दोघी बाजारात गेलो. शेवटचा हप्ता बरोबर होता. गोलाचे म्हणून टीमनं वेगळे पैसे दिले होते, ते त्यात घातले होते. थंडीनं फुलांवर पाणी होतं. माझ्या जागेवर क्रेट नव्हता. मंदाताईंनी वैशूच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग माझ्याकडं बघितलं.

मी पैसे पाटावर ठेवायला वाकले. सवय झाली होती.

"तिथं कुठं? हातात दे," मंदाताई म्हणाल्या.

मी दिले. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली, गार होती. त्यांनी नोटा सरळ केल्या, अंगठा जिभेला लावला आणि मोजायला सुरुवात केली. मध्ये चुकल्या, परत अंगठा लावला, परत पहिल्यापासून. मी त्यांच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

"पुरे झाले," त्या म्हणाल्या, आणि गोणपाटावर जरा सरकून बसल्या.